मिक्सर न लावता घरीच कॅफेसारखी कोल्ड कॉफी कशी करायची? (बाळ ११ आठवड्यांचं आहे)

राजारामपुरीची_आई
नमस्कार मंडळी, लेक ११ आठवड्यांची आहे, रात्री दोनला आणि पाचला उठते आणि सातला घर जागं होतं तेव्हा माझे डोळेच उघडत नाहीत. आधी ऑफिस सुटलं की मैत्रिणींबरोबर कॅफेत कोल्ड कॉफी व्हायची, ती आता बंदच झाली. ऑनलाइन मागवून बघितली तर येईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं आणि दाराची बेल वाजली की पोरगी जागी. घरी करावी तर मिक्सर लावावा लागतो आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावणं म्हणजे तिला हाक मारून उठवण्यासारखंच आहे. दूध आमच्याकडे कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावरून समोर पिळलेलं म्हशीचं येतं, चवीला एक नंबर, पण कॉफी केली की जड होते आणि वर साय धरते. मशीन घ्यायचं बजेट नाही. आणि अंगावर पाजत असताना किती कॉफी चालते? सासूबाई उष्ण पडेल म्हणतात, त्या काळजीनंच म्हणतात, पण मला नीट माहिती पाहिजे. खरं सांगू का, दिवसातून एक ग्लास माझ्या आवडीचं काहीतरी प्यायला मिळावं एवढंच वाटतंय.

शाहूपुरी_फिल्टर
अगं हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी केलंय, तुला अगदी कळतंय काय होतंय ते. भांड्यांच्या दुकानात स्टीलचा दोन मजली कॉफी फिल्टर मिळतो, तो घे, आवाज शून्य. रात्री वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे फिल्टर कॉफीची पावडर टाक (इन्स्टंट नको, ती सगळी विरघळून खाली जाते), हलकी दाब, उकळी येऊन जरा निवलेलं पाणी ओत, झाकण लाव आणि झोप. सकाळी खाली घट्ट काढा जमलेला असतो. साखर त्यातच घालून थोडं गरम करून विरघळव, कारण गार दुधात साखर तळाशी बसते. मग निवलं की बर्फाच्या ट्रेमध्ये ओत, माझ्या ट्रेमध्ये साधारण आठ खडे होतात.
आता मेन गोष्ट. ग्लासात चार खडे टाकायचे आणि वरून गार दूध. साध्या बर्फानं कॉफी पातळ होते, इथं खडा वितळेल तशी कॉफी कडक होत जाते, म्हणजे दोन घोट घेतले, बाळ रडलं, अर्ध्या तासानं परत आलीस तरी ग्लास वाया जात नाही उलट तेव्हा जास्त छान लागते. मला त्या दिवसांत याचाच आधार होता. फक्त ट्रेला झाकण लाव, आमच्या फ्रीजरमध्ये रविवारचं मटण असतं आणि कॉफी वास फार पटकन ओढते.

सायकलवाला_बाबा
आमचं पोरगं पाच महिन्यांचं, रात्रीची ड्युटी माझी असते म्हणून लिहितोय. फेसाचं सांगतो. फेस दुधातल्या प्रोटीननं धरतो, फॅट जास्त असलं की तो लवकर बसतो, आणि म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के सहज असतं. म्हणून कट्ट्यावरचं दूध आधी नीट उकळा (कच्चं अजिबात नको), फ्रीजमध्ये पूर्ण गार करा आणि साय काढून गाळून घ्या. नाहीतर फेसापुरतं टोन्डचं पाकीट आणा, त्यात तीन टक्के फॅट असतं. घट्ट झाकणाची बरणी अर्धीच भरा आणि तीस-चाळीस सेकंद जोरात हलवा, झालं. गरम प्यायची असेल तर फेसलेलं दूध नंतर मंद आचेवर गरम करा, उकळू देऊ नका, कडेला वाफ दिसली की बंद. एक मात्र लक्षात ठेवा, गरम दूध बरणीत घालून कधीच हलवायचं नाही, आत वाफेचा दाब होतो आणि झाकण उडून हात भाजतो. आणि बाळ कडेवर असताना गरम कप हातात घ्यायचाच नाही, पोरं हात मारतात. गार कॉफीचा हा पण एक फायदाच आहे.

झोप_उधार
कॅफिनबद्दल मी बाळाच्या डॉक्टरांना विचारलं होतं आणि स्वतः पण वाचलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक असं सांगितलंय. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम धर, आणि चहा पण मोजायचा बरं का, कपाला तीस ते पन्नास पकड. दुधातून बाळाकडे जातं ते अगदी थोडं, पण नवजात बाळाच्या अंगातून कॅफिन निघायला दिवसच्या दिवस लागतात, मोठ्यांचं काही तासांत निघतं. सहा महिन्यांपर्यंत हा फरक बराच कमी होतो. म्हणून आत्ता जपून. प्यायल्यावर तासा-दोन तासांनी दुधात सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे पाजून झालं की लगेच पी. पावडर घेताना चिकोरीवाली घे (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड), चिकोरीत कॅफिन नसतंच, आणि कॉफीच्या बियांच्या दोन जाती असतात, त्यातल्या रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं तेवढं पाकिटावर बघ. बाळ चिडचिड करायला लागलं, झोपेना, तर दोन-चार दिवस बंद करून बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर डॉक्टरांना आधीच विचार.

राजारामपुरीची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू, रात्री अडीचला पाजता पाजता वाचतेय. लेक पूर्ण दिवसांची आहे. अजून एक, साखरेऐवजी गूळ चालेल का? घरात भरपूर आहे पण मागे दुधात घातला तर दूध फाटलं.

पंचगंगाकाठची_काकू
बाय गं, गूळ गरम दुधात टाकलास की फाटणारच, गुळाचा आंबटपणा आणि दुधाची आच एकत्र आली की संपलं. मी काय करतो, गूळ किसून त्या कॉफीच्या काढ्यातच विरघळवतो, गाळतो, गार करतो आणि मग गार दुधात घालतो, आजतागायत फाटलं नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाची कॉफी लय भारी लागती, जरा खमंग येती. आणि सासूबाईंना पण एक ग्लास दे की त्यातला, त्यांना आवडलं तर त्याच करून ठेवतील. रात्री फिल्टर लावायचं काम मात्र तू करू नकोस, नवऱ्याला सांग. बाळंतिणीला प्यायला कुणीतरी हातात आणून द्यायला पायजे, तिनंच उठून केलं तर त्यात कसला आराम.

राजारामपुरीची_आई
काकू, ऐकलं तुमचं. काल रात्री ह्यांनी फिल्टर लावला, सासूबाईंनी गूळ किसून दिला. आज सकाळी लेकीला पाजलं आणि मग चार खडे आणि बरणीत फेसलेलं टोन्ड दूध. ग्लास संपायला चाळीस मिनिटं लागली, मधे दोनदा उठले, तरी शेवटचा घोट गार आणि कडक होता. सकाळचा चहा आजपासून बंद केलाय. सासूबाई उद्या त्यांच्या ग्लासात वेलची घालून बघणार आहेत.