मदत हवी आहे: गाडी सातला पोचते, खोली दोनला मिळते. मोठ्या हॉटेलात वारंवार राहणारे काय करतात?

धामणगाव रेल्वेजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये विक्रीचं पाहतो. कापसाच्या हंगामात महिन्यातून दोन-तीनदा मुंबईची वारी असते. आधी मस्जिद बंदरच्या लॉजवर उतरायचो. संडास कॉमन, पण पोचल्या पोचल्या खोली मिळे. यंदा शेटजींनी अंधेरीकडचं मोठं हॉटेल धरलं, सूतगिरणीवाले तिथेच भेटतात म्हणून.

विदर्भ एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास पोचवते. मीटिंग अकराला, खोली दोनला. मागच्या खेपेला दादरच्या वेटिंग रूममध्ये आंघोळ उरकली अन् सरकीची धूळ बसलेली बॅग घेऊन त्या चकचकीत लॉबीत तीन तास बसलो. दरवानाने दोनदा विचारलं, कोणाला भेटायचं आहे? परतीचंही तेच. बाराला खोली सोडा, गाडी संध्याकाळी सातची. भाडं भरून फक्त झोपाले जाऊन राहिलो बाप्पा.

दुसरं, डिपॉझिट. दर वेळी डेबिट कार्डावर पाच हजार अडकवतात, सुटायला आठवडा लागते.

तिसरं, बिल. तीच खोली, एकदा 5 टक्के जीएसटी, एकदा 18. आमचा मुनीम म्हणते, 5 टक्क्यांच्या बिलावर क्रेडिटच (म्हणजे भरलेला जीएसटी फर्मच्या करातून वळता करून घेणं) मिळत नाही. खरं काय?

आणि हो, रुईचे नमुने कागदात गुंडाळून टेबलावर ठेवले होते, सफाईवाल्या पोराने कचरा समजून फेकले. त्यावर उपाय विचारत नाही, चूक माझीच.

वर्धेकर:
भाऊ, सकाळची खोली रिसेप्शनवर मागून मिळत नाही. हॉटेलच्या सेल्स विभागाशी बोला. वर्षात अंदाजे किती रात्री राहणार ते शेटजींकडून लिहून द्या आणि ठरवलेल्या दरातच सकाळी आठची खोली अन् संध्याकाळी पाचपर्यंत मुक्काम मागा. सोमवारी-मंगळवारी गर्दी असते, तिथे अडतील. निदान जिमकडची शॉवर रूम वापरू द्या म्हणा, सामान तर ठेवून घेतातच. डिपॉझिटसाठी फर्मचं क्रेडिट कार्ड द्या. डेबिटमध्ये खात्यातला पैसा अडकतो, क्रेडिटमध्ये फक्त मर्यादा.

हिशेबनीस_अकोला:
मुनीमजींची गल्लत होते आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के, त्याहून महाग खोलीला 18. पाच टक्क्यांतलं 'क्रेडिट नाही' हे हॉटेलच्या स्वतःच्या खरेदीला लागू आहे. धंद्याच्या मुक्कामाचं तुमचं क्रेडिट तुम्हाला मिळते, फक्त बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबरासह पाहिजे. चेक-इनलाच नंबर द्या, नंतर बदलून घेताना नाकी नऊ येतात. जेवणाच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र मिळत नाही.

तुमचा दर रोज बदलत असेल म्हणून टक्के बदलले. 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. दोनशेच्या फरकाला बाराशेचा फटका! क्रेडिट घेतलं तरी तोवर पैसा अडकतोच. म्हणून दर 7,500 च्या आत बांधून घ्या. आणि हैदराबादला गेलात तर तिथल्या खोलीवर तेलंगणाचा कर लागतो, महाराष्ट्राच्या नंबरावर क्रेडिट नाही.

धामणगावचा मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. हैदराबादचं माहीतच नव्हतं, गेल्या महिन्यातच दोन रात्री होतो तिथे. मुनीमजींना दाखवतो. आता एकच सांगा: रात्रींचा आकडा लिहून द्यायचा, तर किती रात्रींपासून हॉटेलवाले ऐकतात? आमच्या हंगामाच्या जेमतेम पंधरा होतील.

वर्धेकर:
पंधरावर एकट्याने नाही ऐकणार. तुमच्याच बाजारातले आणखी दोन जिनवाले जात असतील ना मुंबईला? तिघं मिळून एकच पत्र द्या, बिलं आपापल्या नावाने घ्या.