पहिल्यांदाच परदेशी निघालोय. बॅग सोडून बाकी काय तयारी करायची?

पहिलीच_वारी

नमस्कार मंडळी. मी आणि आमचे हे, दोघंही साठीला टेकलेले, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकतोय. आधी व्हिएन्ना, ७ रात्री, मग रेल्वेने प्राग, ४ रात्री. जाताना फ्रँकफर्टला विमान बदलायचं आहे. सहल कंपनी नाही, बरोबर कुणी जाणतं माणूस नाही. व्हिसा आलाय. तिकिटं आणि हॉटेलं मुलाने काढून दिली आहेत. त्याला काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं आई, सगळं मोबाइलमध्ये आहे." माझी धास्ती नेमकी तिथेच आहे.

मोजे किती, स्वेटर किती, याच्या याद्या ढिगाने मिळाल्या. त्या कृपा करून नकोत. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा काय चुकलं आणि आम्ही आत्ता घरबसल्या काय तपासून ठेवू शकतो, तेवढं सांगा.

खिडकीची_सीट

ताई, "काय चुकलं" असं विचारलंत म्हणून लाज सोडून सांगतो. माझं पहिलं परदेशी विमान चुकलं. उशीर झाला म्हणून नाही. मी चार तास आधी पोचलो होतो. तिकिटावर १५ तारीख होती आणि वेळ ००:३५. मी १५ तारखेला रात्री जेवूनखाऊन आरामात निघालो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, हे विमान काल रात्रीच गेलं." १५ तारीख लागल्यावर पस्तिसाव्या मिनिटाला ते उडालं होतं, म्हणजे मी १४ च्या रात्रीच तिथे असायला हवं होतं. नवं तिकीट अर्थातच माझ्या खिशातून. तेव्हा आज पहिलं काम हे: तिकिटावरची वेळ ००, ०१, ०२ अशी सुरू होत असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसावर खूण करा. आणि विमानाची वेळ लिहू नका, घरातून निघायची वेळ लिहा.

मग पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडा. एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर आत्ता फोनवर दुरुस्त होतं, काउंटरवर घाम फुटतो. पासपोर्टची मुदत शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान ३ महिने हवी. पुष्कळ देश तर ६ महिने मागतात. तुम्हाला व्हिसा मिळालाय म्हणजे ते बघितलं गेलं असणार, तरी डोळ्यांनी बघा. व्हिसाच्या स्टिकरवर मात्र लोक हमखास फसतात. त्यावर "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" असतं आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे दिलेले असतात. तारखांमध्ये महिन्याचं अंतर दिसतं, पण दिवस १५ च असतात. मोजायचे ते दिवस. उतरल्याचा दिवस धरून, परत निघाल्याचाही धरून.

आता फ्रँकफर्ट. विमान तिथे बदलायचं असलं तरी शेंगेनमध्ये तुमचा प्रवेश तिथेच होणार, व्हिएन्नाला नाही. म्हणजे पासपोर्ट तपासणीची रांग फ्रँकफर्टला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या सीमांवर प्रवाशांची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे तपासतात, आणि पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. मधला वेळ दोन तासांहून कमी असेल तर विमानातून उतरल्यावर खिडकीबाहेरचे फोटो काढत बसू नका, सरळ चालू लागा. आणि हे विचारून घ्या: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकावर आहेत का? असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय करून देणं विमान कंपनीवर असतं आणि सामानही बहुधा थेट व्हिएन्नाला जातं. वेगवेगळ्या बुकिंगवर असतील तर सगळा हिशोबच बदलतो.

अधिकारी काय विचारतो? कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तर जेवढ्यास तेवढं द्यायचं. माझ्या पुढच्या रांगेतले एक काका "फिरायला" एवढं म्हणायच्या ऐवजी भाच्याच्या नोकरीपासून सुरुवात करून बसले, मग त्या भाच्याबद्दलच दहा प्रश्न झाले. हॉटेलांचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद हँडबॅगमध्ये वरच ठेवा. व्हिसा हातात असला तरी आत सोडायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्या खिडकीतल्या माणसाचाच असतो.

आणि मोबाइल. तुमच्या चिरंजीवांचं खरं आहे, सगळं मोबाइलमध्येच असतं. म्हणून एक तालीम करा. घरी एखाद्या दुपारी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद, आणि मग बघा काय-काय उघडतं. तिकीट उघडतंय? हॉटेलचा पत्ता? व्हिएन्नाचा नकाशा? जर्मन आणि चेक भाषांतर? जे उघडणार नाही ते एक तर फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर छापून घ्या. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा बायकोचं बोर्डिंग पास ॲपमध्ये गोल-गोल फिरत राहिलं, बाकी सारं ठीक. तेवढं एक छापलं. हॉटेलचं नाव-पत्ता मात्र दोघांच्याही खिशात कागदावर हवा, कारण चुकामूक झाली तर फोन एकाकडेच असतो आणि तो नेमका दुसऱ्याकडे.

सिमकार्डचा माझा किस्सा ऐका. दुसऱ्या प्रवासात उतरल्या-उतरल्या तिकडचं सिम घेतलं, घरचं काढून पँटच्या छोट्या खिशात ठेवलं. संध्याकाळी हॉटेलचे पैसे भरायला कार्ड काढलं तर ओटीपी घरच्या नंबरवर. नंबर सिममध्ये, सिम पँटमध्ये, पँट लाँड्रीच्या मशीनमध्ये. तेव्हा घरचं सिम फोनमध्येच राहू द्या, निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या, त्याचा डेटा तेवढा बंद ठेवा. इंटरनेटसाठी ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) वेगळं घ्या. तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं का, ते बघायला *#०६# डायल करा. पडद्यावर ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक आला तर चालतं.

पॉवर बँक हँडबॅगमध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची असते. २०,००० एमएएचचं पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवर होतं, म्हणजे चालेल. त्यावर आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात, माझं घेतलंय. चार्जरवर "१०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं असलं की पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. ऑस्ट्रिया आणि चेकिया दोन्हीकडे २३० व्होल्टच आहेत आणि दोन गोल पिनांचा अडॅप्टर दोन्हीकडे बसतो.

प्रागला एक लक्षात ठेवा: तिथे युरो नाही, कोरुना. कार्ड लावलं की मशीन मोठ्या प्रेमाने विचारतं, तुमच्या चलनात घेऊ की कोरुनात? कोरुनाच. "तुमच्या चलनात" म्हटलं की दर ते मशीन ठरवतं आणि तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो. दोन्ही शहरांत मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट नुसतं घेऊन भागत नाही. त्यावर वेळ आधीच छापून आली नसेल तर छोट्या यंत्रात घालून वेळेचा शिक्का उठवायचा, प्रागमध्ये ती यंत्रं पिवळी आहेत. शिक्का नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड.

व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही सोडली, तर जवळजवळ सगळीच. शनिवारीच काय ते घेऊन ठेवा.

गोळी_चार_वाजता

सीटवाले दादा, औषधांचं राहिलं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणून लिहिते.

ताई, आठवड्याच्या डब्यात गोळ्या काढून नेऊ नका. कंपनीच्या पाकिटातच असू द्या. बरोबर डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, आणि तीत ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव. ब्रँड देशोदेशी बदलतो, मूळ नाव सहसा तेच राहतं. सहसाच म्हणते, कारण पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. सगळी औषधं हँडबॅगमध्ये, आणि परतीच्या तारखेपुढे चार-पाच दिवस पुरतील एवढी जास्त. इन्सुलिन असेल तर ते मोठ्या बॅगेत मुळीच नको, खाली सामानाच्या कप्प्यात गोठून निकामी होऊ शकतं. १०० मिलिलिटरची मर्यादा प्रवासात लागणाऱ्या औषधांना नसते, पण तपासणीत ती आपणहून बाहेर काढून दाखवायची.

कधी दुसरीकडे गेलात तर लक्षात असू द्या: आपल्याकडे साधं वाटणारं औषध तिकडे गुन्ह्यात मोडू शकतं. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर बंधनं आहेत, अमिरातींमध्ये कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाला आधी परवानगी लागते. दुकानात लोक बिनधास्त म्हणतात, "खोकल्याचं औषध कोण बघतंय!" बघतात.

ऑस्ट्रियात रात्री आणि रविवारी पाळीने एखादं औषधाचं दुकान उघडं असतं. बंद दुकानाच्या दारावर कुठलं ते लिहिलेलं असतं. जीवावरचं काही असेल तर दोन्ही देशांत ११२. शेंगेन व्हिसासाठी काढलेला विमा निदान ३०,००० युरोंचा असतोच, पण त्याचा मदत क्रमांक कागदावर उतरवून घ्या. इस्पितळात जायच्या आधी त्यांना फोन करायचा, आणि प्रत्येक पावती जपून आणायची. आणि चष्मा! एक जादा जोड.

नाण्यांचा_डबा

सगळे कार्ड-कार्ड करतायत म्हणून थोडं उलटं लिहितो. थोडी रोख हवीच. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात नाणं मागणारं यंत्र असतं, आणि साठीला टेकलेल्या दोन माणसांना ते दिवसातून कितीदा लागेल याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. प्रागमध्ये रस्त्यात अडवून "चांगला दर देतो" म्हणणाऱ्याकडे बघायचंही नाही. दुकानात बदलून घेतले आणि फसल्यासारखं वाटलं, तर तिथल्या कायद्याने ३ तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, १,००० युरोंपर्यंतचा. त्यासाठी पावती हवी. ती बहुतेक जण खिडकीतच सोडून येतात.

आणखी एक. बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. "हॉटेलवर जाऊन फोन करू" म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि पुढे दोन दिवस नुसतं "तुमचा तक्रार क्रमांक सांगा" एवढंच ऐकत होतो. बॅगेचा फोटो फोनमध्ये असू द्या. "काळी, चाकांची" असं वर्णन सांगितलं की समोरचा फक्त हसतो.

पहिलीच_वारी

सगळ्यांची मी ऋणी आहे. काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून बसलो. विमानाची वेळ सकाळची आहे, त्यामुळे ती भानगड नाही. व्हिसावर १५ दिवस, आमचे उतरल्यापासून निघेपर्यंत १२ होतात. एअरप्लेन मोडची तालीम केली; ह्यांच्या फोनमध्ये हॉटेलचं बुकिंग उघडलं, पण तिसऱ्या पानावरचा पत्ता काही उघडेना. तो मी वहीत लिहून घेतला.

पण सीटवाले दादा, तुमचा तो प्रश्न मुलाला विचारला आणि फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. दोन बुकिंग आहेत. फ्रँकफर्टपर्यंतचं एक आणि तिथून व्हिएन्नाचं वेगळं, कारण तसं स्वस्त पडत होतं. मध्ये १ तास ४० मिनिटं. आता काय करू?

खिडकीची_सीट

ताई, एवढ्या वेळात जमणार नाही असंच धरून चाला. पासपोर्टची रांग, मग पट्ट्यावर सामानाची वाट, ते घेऊन बाहेर, परत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर, पुन्हा सुरक्षा तपासणी. काउंटर उड्डाणाच्या बरंच आधी बंद होतं. पहिलं विमान अगदी वेळेवर आलं तरी धापा टाकाल. आणि दुसरं चुकलं तर ती कंपनी म्हणेल, आमचं काय त्यात!

आजच दुसरं तिकीट पुढे ढकला, फरकाचे पैसे आत्ता कमी पडतात. मध्ये निदान पाच तास ठेवा. आणि नुसतं जातानाचं ढकलून थांबू नका. परतीचंही तसंच वेगळं आहे का, ते बघा. असणारच.

पहिलीच_वारी

होतं. परतीला तर १ तास १० मिनिटंच होती.

मुलाने दोन्ही बदलली. जाताना आता फ्रँकफर्टला सहा तास आहेत, येताना एक रात्र मुक्काम. त्या हॉटेलचा पत्ताही वहीत लिहिलाय. आणि हो, त्या मुक्कामाने दिवस १३ झाले, म्हणून व्हिसा पुन्हा उघडून बघितला.