उत्तर: डिसेंबरातली जुहू सफाई, आणि पाण्याचं काय?

कार्यकारिणी, मराठी मंडळ, सिडनी

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत आपली बरीच कुटुंबं मुंबईत असतात, तर यंदा एक सकाळ सगळ्यांनी मिळून जुहूला बीच सफाई करायची असं मीटिंगमध्ये ठरलंय. टी-शर्ट, ग्लोव्हज आणि पिशव्या मंडळाकडून, नंतर नाश्ता. मुलांना पाण्यातही खेळता येईल. जे आधीच मुंबईत पोचलेत किंवा कायमचे परत गेलेत त्यांनी प्लीज जागा आणि वेळ सुचवा.

माहीमहून

सगळ्यांना नमस्कार,
सफाईला मी नक्की येणार आणि शेजारच्या दोघीतिघींनाही आणणार. फक्त ते "मुलांना पाण्यातही खेळता येईल" एवढं वाक्य कृपया काढून टाका.

जुहूची वाळू सकाळी सफाईवाले येऊन गेले की खरंच छान दिसते, आणि त्यावरून आपण पाण्याचाही अंदाज बांधतो, तिथेच फसायला होतं. इर्ला नाला तिथेच समुद्राला मिळतो. ओहोटीला त्या बाजूला चालत जाऊन बघा, वाळूवरून काळसर पाण्याचा ओहोळ पसरत गेलेला असतो, कडेला साबणासारखा फेस, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर पोरं पाण्यात उड्या मारत असतात, आईबाप कणीस खात बसलेले. कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं, त्यांना तरी काय बोलणार.

तिकडे सिडनीत तुम्ही सगळे बीचवॉच, म्हणजे किनाऱ्यांवरच्या पाण्याची सरकारी माहिती, बघून घराबाहेर पडता, जोराचा पाऊस झाला की एक दिवस समुद्रात नाही आणि खाडीत, हार्बरच्या आतल्या बाजूला तीन दिवस नाही, हे आपल्या मुलांना पाठ आहे. तो हिशोब मुंबईत चालत नाही हे नीट समजून घ्या. इथले पर्जन्य नाले नावालाच पर्जन्याचे, ज्या वस्त्यांना मलवाहिनीच नाही त्यांचं सांडपाणी बारा महिने त्यातूनच वाहतं, त्यामुळे डिसेंबरात आभाळ कितीही स्वच्छ असलं तरी नाला चालूच असतो. मिठी नदीचंही तेच, ती आमच्या माहीमच्या खाडीत येते, आणि दादर चौपाटीचा व्ह्यूइंग डेक, जिथे सगळे फोटो काढतात, तो पर्जन्यजलाच्या नाल्याच्या मुखावरच बांधलाय.

सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, निकषांत पोहण्याचं समुद्राचं पाणी एसडब्ल्यू-२ वर्गात येतं. १०० मिलिलिटरमध्ये फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे माणसाजनावरांच्या विष्ठेतून येणारे जंतू, १०० च्या वर नकोत आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. म्हणजे नियम आपल्याकडेही आहे. एमपीसीबी, म्हणजे आपल्या राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतं, आकडे वेबसाइटवर येतात, पण जो माणूस विरारहून लोकलने पोरांना घेऊन चौपाटीवर येतो तो वेबसाइट उघडून बघणार आहे का? मी ज्या किनाऱ्यांवर जाते तिथे पाण्याचा निकाल लिहिलेला एकही फलक मला दिसलेला नाही. बुडण्याबद्दल, जेलीफिशबद्दल बोर्ड असतात, ते चांगलंच आहे, त्याच्याच शेजारी हे का नको?

म्हणून माझं म्हणणं, टी-शर्टचे पैसे वाचवा. सफाई करूच, पण त्याच दिवशी महापालिकेच्या के-पश्चिम वॉर्ड ऑफिसला आणि एमपीसीबीला एक पत्र देऊ की जुहूच्या प्रत्येक प्रवेशाजवळ ताज्या चाचणीची तारीख आणि निकाल मराठीत, लाल-हिरव्या रंगात लावा, फलकाचा खर्च आपलं मराठी मंडळ देईल.

वेसाव्याहून

ताई, तुमचं पटलं. मी सिडनीला होते तेव्हा मंडळाचा गणपती आमच्या हॉलमध्ये असायचा, आता सासरी वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

२०१५ च्या ऑक्टोबरपासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी इथे आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला, मग २०१८ च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं याच वाळूतून निघाली, त्यामुळे सफाईने काही होत नाही असं कोणी म्हणू नका. पण एका सकाळचं काम नाही हे. वरवरच्या बाटल्या कोणीही उचलतो, खरी मेहनत रुतलेल्या कपड्यांची आणि गोणपाटांची, टोक दिसतं म्हणून ओढायला जावं तर निम्मं वाळूत असतं, भिजून जड झालेलं, अर्ध्यात फाटतं आणि मग हाताने उकरावं लागतं. तेव्हा पातळ ग्लोव्हज आणू नका. औषधांच्या सुया पण सापडतात, लहान मुलांना खालचं काही उचलायला देऊ नका.

आणि जाळी! किनाऱ्यावर पडलेलं प्रत्येक जाळं कचरा नसतं, कोणी दुरुस्तीला, कोणी सुकायला टाकलेलं असतं, विचारल्याशिवाय पिशवीत भरू नका, भांडणं होतात. आमच्या घरी डोल जाळ्यात बोंबलांबरोबर प्लॅस्टिक येतं ते बायका हाताने वेगळं करत बसतात, पहिले पिशव्या बाजूला आणि मग मासळी, त्या वेळेचे पैसे त्यांना कोणी देत नाही.

पार्ल्याहून (जानेवारीपर्यंत)

ताई, मुद्दा बरोबर आहे पण मला एक अडचण वाटते. आपण सुट्टीवर आलेले लोक, इथल्या ऑफिसात जाऊन सिडनीत असं असतं आणि तसं असतं म्हणून पत्र द्यायचं, ते बरं दिसतं का? शिवाय मुंबईत सात नवीन मलजल शुद्धीकरण केंद्रं होतायत ना, ती झाली की प्रश्न सुटेलच.

माहीमहून

काका, केंद्रं होतायत हे खरं, २०२३ च्या जानेवारीत भूमिपूजन झालं, वरळी, वांद्रे, धारावी, वेसावे, मालाड, भांडुप, घाटकोपर, सगळी मिळून दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. त्याची मला मनापासून आशा आहे. पण केंद्रात तेच पाणी जाणार जे मलवाहिनीत शिरलं. जे नाल्यातून थेट चौपाटीवर उतरतं ते कोरड्या दिवसांत अडवून मलवाहिनीकडे वळवलं तरच तिथे पोचेल, आणि कुठला नाला आधी वळवायचा हे ठरवायला निकाल लोकांसमोर असलेला बरा.

आणि सिडनीचं म्हणाल तर ते काही पहिल्यापासून स्वच्छ नव्हतं. तिथलं मैलापाणी कड्याखालून किनाऱ्यालगतच सोडायचे, बाँडाय बीचला लोक त्यातच पोहायचे. १९८९ ला बीचवॉच सुरू झालं, त्याच वर्षी इयान कियर्नन यांनी हार्बर सफाईची हाक दिली आणि चाळीस हजार लोक आले, मग १९९०-९१ मध्ये मालाबार, नॉर्थ हेड आणि बाँडाय इथले मैलापाणी लांब खोल समुद्रात सोडणारे नळ चालू झाले. सफाई, चाचणी आणि नळ, तिन्ही त्याच दोन-तीन वर्षांत. २०२४ च्या ऑक्टोबरात सिडनीच्या कूजी बीचवर घाणीचे काळे गोळे आले तेव्हा बीच बंद करून लगेच सांगितलं गेलं, तसं सांगणं मला जुहूच्या पोरांसाठी हवंय. आणि आपण पाहुणे कसे, काका? तुमची आई पार्ल्यात आहे, माझा जन्म माहीमचा.

पत्राचा मसुदा रविवारी पाठवते. ज्यांचं मतदान मुंबईत आहे त्यांनी सहीखाली पत्ता लिहा, वॉर्ड ऑफिसात त्याने फरक पडतो. वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवू, मोठी भरती येऊन गेल्यावर पाणी मागे सरत असताना, म्हणजे भरतीच्या रेघेवर साचलेला सगळा माल हाती लागेल. वेसाव्याची वहिनी जाड ग्लोव्हज कुठे मिळतात ते कळवशील का, आणि नाश्ता स्टीलच्या डब्यातूनच येऊ दे.