‘शेवटचे तीन दिवस’ सहा आठवडे कसे चालतात?

सातरस्ता
‘चाटीगल्ली’ यांनी काल लिहिले की, जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती असणारच आणि ज्याला ती कळत नाही त्याने बाजारात येऊ नये. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर ‘कारखाना बंद, अर्ध्या किमतीत चादरी, शेवटचे तीन दिवस’ हा फलक मी गेले सहा आठवडे पाहतो आहे. दर सोमवारी तारखेवर फ्लेक्सचा नवा तुकडा डकवला जातो आणि जुन्या तारखेचा कोपरा खालून डोकावतो. याला अतिशयोक्ती म्हणत नाहीत, खोटे म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

चाटीगल्ली
कलमे पाठ असल्याबद्दल अभिनंदन. मी तीस वर्षे गादीवर बसतो आहे. ज्याचे शटर कायमचे आहे त्यालाच नोटीस येते. भाड्याच्या सभागृहातला उद्या गाशा गुंडाळून जातो. हा दंड करणारे तुमचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिल्लीत बसते, त्याला होटगी रस्ता ठाऊक तरी आहे का?

यंत्रमागकर
तारखेचे सोडा, त्या चादरी सोलापूरच्या आहेत का, हे आधी विचारा. आमच्या जॅकार्ड मागावरच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावरच्या, चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे होतात. बाहेरून येणाऱ्या मालाला एकाच बाजूने छाप असतो, वर सिद्धेश्वर मंदिराचे चित्र असलेले लेबल, आणि झाली ‘अस्सल सोलापुरी’! भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी नोंदणी, मिळालेल्या नावाचा असा खोटा वापर केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. मात्र त्यासाठी आत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चाटीगल्ली
आता खरे बोलायचे तर, तुमच्याच धंद्यातले काही जण बिनलेबलाचे गठ्ठे आमच्याकडे टाकतात आणि ‘लेबल तुम्ही लावा’ म्हणून सांगतात. मानांकनाचा टेंभा मिरवण्याआधी आपल्या गोठ्यातले शेण काढावे.

यंत्रमागकर
सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधू नका. सुताचे भाव चढले की माग बंद ठेवतो, पण खोटे लेबल लावत नाही. ते घेऊन विकणारे तुम्ही, आणि शेण मात्र आमच्या गोठ्यात?

विडीघरकुल
तुमची भांडणे चालू द्या, भोगतो आम्ही. सासूबाईंनी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत दोन चादरी घेतल्या. पहिल्याच धुण्यात बादलीतले पाणी जांभळे झाले आणि माझ्या मुलीचा शाळेचा सदराही त्यात गेला. परत नेल्या तर दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवले. बिल मागितले होते, तेव्हा ‘बिल घेतल्यास जीएसटी वेगळा’ हे उत्तर मिळाले होते.

सातरस्ता
ताई, बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणेही त्यातच येते; त्यामुळे सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी दाखवून सुटका होत नाही. राहिला दिल्लीचा प्रश्न. कलम १७ प्रमाणे तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते आणि स्वतःच्या नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. फलकाचे फोटो मी तारखेनिशी काढून ठेवले आहेत आणि उद्या अर्ज देणार आहे.

चाटीगल्ली
द्या. अर्जाची पोचही घ्या, नाहीतर तो टेबलाखाली जाईल. तीस दिवसांचे मला ठाऊक नव्हते, हे मान्य करतो. आमच्याकडेही तशी पाटी आहे. ती काढलेली नाही. आजपासून तिच्यावर कॅलेंडर टांगले आहे.

विडीघरकुल
कॅलेंडर केवढे आहे? ‘नाही’ तेवढे झाकले गेले असेल, तर उद्या चादरी घेऊन तुमच्याकडेच येते.