मदत हवी आहे: ४० बारच्या ट्यूनवर काँट्रा डान्स कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत काँट्रा किंवा स्कॉटिश कंट्री डान्स करणारं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा. मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, इकडे न्यू इंग्लंडमध्ये काँट्रा बऱ्याच गावांत चालतो, समोरासमोर दोन लांब रांगा, लाइव्ह फिडल आणि पियानो, आणि पुढची फिगर (नाचातली ठरलेली हालचाल) ओरडून सांगणारा कॉलर. ते कॉलिंग मी सध्या शिकतेय.

नेहमीची ट्यून ३२ बारची असते (एक बार म्हणजे दोन पावलांएवढा तुकडा), तिचे ए आणि बी असे दोन भाग, ए दोनदा, बी दोनदा, प्रत्येक भाग ८ बारचा म्हणजे १६ पावलं, एकूण ६४. डान्सही ६४ पावलांचा, त्यामुळे दर फेरीला दोघं बरोबर समेवर येतात. बॅलन्स (पुढे-मागे पाऊल टाकणं) करताना अख्ख्या हॉलचे पाय एकदम आपटतात ना, ते बी भागाच्या पहिल्या ठोक्यावर पडलं की अंगावर काटा येतो, मला तर काँट्राचा जीवच तिथे वाटतो.

आता आमच्या बँडकडे एक फार सुंदर ट्यून आहे, ए ८ बारचा पण बी १२ बारचा, म्हणजे ४० बार, ८० पावलं. नेहमीचा डान्स लावला तर दुसऱ्या फेरीपासूनच सगळं सरकत जातं, ट्यून चार वेळा आणि डान्स पाच वेळा होईल तेव्हा कुठे परत गाठ पडणार. बी कापा असं प्लीज सांगू नका, शेवटच्या चार बारमध्ये फिडल वर चढून सावकाश खाली येतं, तेच तर ऐकायचं असतं. कमी लांबीचं उदाहरण माहितीय, मनी मस्क हा डान्स इकडे २४ बारचा नाचतात. पण जास्त लांबीला काय करायचं? २० पावलं स्विंग (जोडीने गोल फिरणं) दिला तर नवीन लोकांना गरगरतं. पेट्रोनेला (चौघांनी बॅलन्स करून एकेक जागा सरकणं, ८ पावलं) तीनदा घेतली तर २४ भरतात, पण माणूस मूळ जागेच्या एक घर अलीकडेच राहतो.

प्रतिसाद १: ताई, घाबरू नका. क्यूबेककडच्या काही ट्यून्समध्ये मधेच एखाददुसरा ठोका कमीजास्त असतो, त्या खऱ्या अवघड. तुमच्या १२ बारच्या २४ पावलांना आठाने भाग जातो, म्हणजे प्रत्येक बीला फक्त एक आठाची फिगर जास्तीची हवी, आणि ती बीच्या शेवटीच ठेवा. हे बघा, ए१ ला (पहिल्या ए ला) नेबर, म्हणजे शेजारच्या जोडीतल्या माणसाशी, बॅलन्स आणि स्विंग. ए२ ला सर्कल लेफ्ट पाऊण (चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण फेरी), मग पार्टनर डो-सी-डो (पाठीला पाठ ठेवून एकमेकांभोवती फिरणं). बी१ ला पार्टनर बॅलन्स आणि स्विंग १६, मग लाँग लाइन्स (दोन्ही लांब रांगा) पुढे-मागे ८. बी२ ला पूर्ण ‘हे फॉर फोर’ (चौघांनी एकमेकांना ओलांडत नागमोडी चालणं) १६, मग सर्कल लेफ्ट पाऊण आणि पास थ्रू (समोरच्याला ओलांडून पुढे जाणं), की पुढचा नेबर समोर. तुमचं फिडल खाली येत असताना लाँग लाइन्स चालतील, त्या शांत असतात, छान जुळेल.

धागाकर्ती: अहो किती मस्त!! टेबलावर चार पेले मांडून फिरवून बघितलं, सगळे बरोबर पुढच्या जागी जातात आणि पार्टनरचा बॅलन्स बीच्या तोंडावर येतो. एकच अडचण, बँडला अर्ध्यात ट्यून बदलायची असते आणि दुसरी ४० बारची त्यांच्याकडे नाही.

प्रतिसाद २: आम्ही स्कॉटिशवाले ४० बारचे डान्स करतो, त्याला ३२ बारचीच ट्यून घेऊन एक भाग जास्तीचा वाजवतात, ए ए बी बी बी. बँडला आधी सांगून ठेवा, एकाने जरी सवयीने दोनच बी वाजवले की गोंधळ.

धागाकर्ती: बेरीज जुळतेय पण ए ए बी बी बी मध्ये दुसरा बी ६४ व्या पावलाला संपतो आणि हे फॉर फोर सुरू होतं ५६ नंतर, म्हणजे तिसरा बी सुरू होताना लोक ‘हे फॉर फोर’च्या बरोबर मध्यावर असणार. नाचणाऱ्यांना ते खटकेल का? की ट्यून बदलूच नये आणि डान्सच थोडा लवकर थांबवावा? प्रत्यक्ष असं कोणी नाचलं असेल तर नक्की सांगा.