कान थोडे गेलेत, हेडफोन कोणते घेऊ? (बजेट ५०००)

गिरगावची_माई
नमस्कार मंडळी. वय ६९. ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) काढलाय, तोटा असा: १००० हर्ट्झपर्यंत २०-२५ डेसिबल, ४००० ला ५०, ८००० ला ६५. दोन्ही कान साधारण सारखेच. डॉक्टर श्रवणयंत्र घ्या म्हणतात, त्याचं बघतेच आहे. तोवर दुपारी नाट्यसंगीत आणि जुनी भाषणं ऐकायला हेडफोन हवेत. शब्द गढूळ येतात, आवाज वाढवला तर तबला डोक्यात बसतो. फोन सॅमसंगचा, गोल पिनेचं भोक आहे. मान दुखते, म्हणून जड नको. कानात खुपसायचेही नकोत. बजेट ५०००, वर एक रुपया नाही.

शिवाजीपार्की_श्रोता
माई, बजेट जरा बाजूला ठेवा. सेनहायझर एचडी ६००. १९९७ पासून बाजारात आहे, यातच सगळं आलं. माझ्याकडे आहेत, सोबत आवाजाला जोर देणारा वेगळा अ‍ॅम्प. तंबोऱ्याची जवारी अशी सुटी ऐकू येते की बस. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू.

दहिसर_फास्ट
अहो, ते ३०० ओहमचे आहेत, म्हणजे चालवायला जोर जास्त लागतो. नुसत्या फोनवर आवाज चढणार नाही आणि माईंना तोच हवाय. वर ओपन-बॅक, म्हणजे पाठ उघडी. खिडकीखालून बस गेली की नांदी सोडून बसच ऐकायची. सोनीचे नॉइज कॅन्सलिंगवाले घ्या. मी लोकलमध्ये लावतो, चर्चगेट कधी येतं कळत नाही.

शिवाजीपार्की_श्रोता
ब्लूटूथवर नाट्यसंगीत? एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवर जास्त बारकावे पाठवणारी सोय, तरी आहे का त्यात?

दहिसर_फास्ट
आहे. आणि ‘आयुष्यात एकदाच’ म्हणणाऱ्यांच्या घरी पाच-पाच जोड्या पाहिल्यात.

किरकिऱ्या
कंपनी सांगत नाही, पण माझ्या महागड्या हेडफोनचं रेक्झिन दुसऱ्या पावसाळ्यात सोलपटलं. कानावर, उशीवर, चहातसुद्धा काळे पापुद्रे. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे घामामुळे झालं, वॉरंटीत बसत नाही. मुंबईत राहून घाम गाळायचा नाही तर काय करायचं? कापडी कुशन बघा. निदान सुटं कुशन मिळतं का ते आधी विचारा.

बोरिवलीची_सून
सासऱ्यांना कवटीच्या हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन आणले होते, ऑनलाइन, ‘कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खास’ असं लिहिलेले. त्यांना फरक शून्य, वर चष्म्याच्या दांडीशी मारामारी. आता मीच वापरते. फिरायला जाताना मस्त आहेत, घ्याच.

श्रवण_तपासनीस
पेशाने ऑडिओलॉजिस्ट आहे. हाडातून ऐकवणारे उपयोगी पडतात ते बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर. वयामुळे आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेलेल्या असतात आणि हाडातून पाठवलेला आवाजही शेवटी तिथेच जातो. माईंचा आलेख बघता तोच प्रकार दिसतो.

शब्द गढूळ का, तर अ, आ, इ अशा स्वरांची ताकद खालच्या वारंवारतेत असते, ती त्यांना नीट पोचते. स, श, फ, त ही व्यंजनं २००० हर्ट्झच्या वर, आणि नेमकं तेच गेलंय. सरसकट आवाज वाढवला की आधीच नीट ऐकू येणारा तबलाच आणखी मोठा होतो. म्हणून महाग हेडफोनपेक्षा इक्वलायझर (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) महत्त्वाचा. २००० ते ४००० हळूहळू वर न्या. पण तोटा ५० म्हणून ५० वाढवायचं नाही, साधारण निम्मंसुद्धा भरपूर होतं. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा मात्र पटकन असह्य होतो. आणि माई, सॅमसंगच्या साउंड सेटिंगमध्ये ‘अडॅप्ट साउंड’ नावाची सोय आहे. हेडफोन लावून बीप ऐकायचे, त्यावरून फोन स्वतः आवाज बेततो. फुकट.

कान पूर्ण झाकणारे, वायरचे घ्या. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवता येतो. आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल, त्यापुढे जागतिक आरोग्य संघटना नको म्हणते. आणि एका कानाचं अचानक कमी झालं तर हेडफोन शोधत बसू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा.

८००० लाच ६५ असलेल्या कानाला एलडॅकचा काय उपयोग, हे भांडणाऱ्यांनी आपापसात ठरवावं.

शिवाजीपार्की_श्रोता
ऐकणं फक्त कानाने होत नसतं.

किरकिऱ्या
मग हेडफोन तरी कशाला?

ठाण्याचा_बाप्पा
वर कोणी सांगितलं का माहीत नाही, पण इक्वलायझर वापरून बघा. आणि आयफोन घ्या. ऑडिओग्रामचा फोटो आरोग्य अ‍ॅपमध्ये टाकला की एअरपॉड्स त्याप्रमाणे आवाज देतात. आमच्या बाबांना मुलाने पाठवले अमेरिकेहून.

बोरिवलीची_सून
त्या सॅमसंग म्हणतायत.

लॅमिंग्टनवाला
ऑनलाइन नकली माल येतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, कानाला लावून घ्या.

दहिसर_फास्ट
लॅमिंग्टन रोडवर नकली मिळत नाही, हा शोध कधी लागला?

श्रवण_तपासनीस
धागा भरकटतोय. माई, यंत्रासाठी वांद्रे रिक्लेमेशनच्या अली यावर जंग संस्थेत विचारा, सरकारी आहे. आणि आधी कानात मळ आहे का ते बघून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच, असं म्हणत नाही, पण असतात.

गिरगावची_माई
सगळ्यांचे आभार. मळ काढून झालाय, डॉक्टरांनी ऑडिओग्रामच्या आधीच बघितलं होतं.

लॅमिंग्टन रोडला भाचीला घेऊन गेले. पूर्ण कान झाकणारे लावले तर दोन मिनिटांत उकडलं आणि मान बोलायला लागली. शेवटी फोमचे, कानावर नुसते टेकणारे, वायरवर आवाजाची चकती असलेले घेतले. १२०० रुपये. दुकानदाराने लावलेलं गाणं बंद करायला सांगितलं, माझ्या फोनमधलं पद लावलं, आणि अंतऱ्यातले शब्द कळले तेच उचलले. अडॅप्ट साउंड भाचीने करून दिलं, फरक आहे. १९२५ च्या आधीची भोंग्यात गायलेली ध्वनिमुद्रणं मात्र आहेत तशीच वाटतात. त्यांत वरच्या वारंवारतेचं मुळात फारसं उमटलेलंच नाही, तिथे माझे कान आणि तरुण कान बरोबरीचे. बाहेरचा आवाज येतो, येऊ दे, दाराची बेल ऐकायला हवी.

श्रवण_तपासनीस
फोमवाले गोंगाट अडवत नाहीत, तुम्ही नकळत आवाज वाढवाल.

गिरगावची_माई
दुपारी आमच्या गल्लीत गोंगाट नसतो हो.

दहिसर_फास्ट
नॉइज कॅन्सलिंगवर सूट चालू आहे, अजून विचार करा.

शिवाजीपार्की_श्रोता
कोणाला एचडी ६०० हवे असतील तर माझे द्यायचे आहेत, अ‍ॅम्पसकट. नवीन जोडी येतेय. भाव व्यक्तिगत निरोपात.