ऊसतोडीला गेलेल्यांनी मत कसं द्यायचं? तुमच्याकडे मतदान किती सोपं आहे?

बालाघाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी शिरूर कासार तालुक्यातली, जिल्हा बीड. आई-दादा (दादा म्हणजे वडील) ऊसतोड करतात, मी पुण्यात नोकरीला आहे. तुमच्या गावात, तांड्यावर, पाड्यावर, सोसायटीत मत द्यायचं तर माणसाचा किती वेळ जातो, किती पैसा जातो आणि कुणाकुणाला विचारावं लागतं, हे मला जाणून घ्यायचंय.

आमचं सांगते. 2024 च्या लोकसभेला बीडचं मतदान 13 मे रोजी होतं. तोवर साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला, सगळे गावात. आई शेळ्यांना पाला टाकून शाळेत गेली आणि मत देऊन चहाच्या वेळेला घरी आली. विधानसभेचं मतदान मात्र 20 नोव्हेंबरला आलं, आणि गाळप हंगाम ठरला होता 15 नोव्हेंबरपासून. दिवाळी उरकली की आमच्याकडच्या टोळ्या निघतातच. मतदानाच्या आठवड्यात आई-दादा सांगली जिल्ह्यात फडात होते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. तेव्हा तोडणीचा दर होता टनाला 366 रुपये. एक दिवस खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर आमच्या टोळीत पाचशे रुपये कापतात. गावी जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस गेलेच, शिवाय दोघांचं एसटीचं भाडं. दादांचा पहिला सवाल होता, "बैलं कुणाच्या भरवशावर सोडायची?"

शेवटी एका उमेदवाराच्या माणसांनी जीप धाडली. आई गेली, दादा बैलांपाशी राहिले. जीपमध्ये बसायच्या आधी प्रत्येकाला विचारून घेतलं, मत कुणाला देणार म्हणून. उमेदवारानं गाडी लावून मतदारांना फुकट नेणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. पण ती जीप आली नसती तर आईचं मतच झालं नसतं. मला हे फार लागलंय.

सातपुडा_मास्तर

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात शिक्षक आहे. आमचा अक्कलकुवा मतदारसंघ राज्याच्या यादीत पहिल्या क्रमांकाचा, आणि त्यातलं मणिबेली हे पहिलं केंद्र. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठचं गाव, तिथं मतदान पथक बोटीनं जातं. माझी ड्यूटी लागली ती डोंगरातल्या दुसऱ्या एका केंद्रावर. केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा दंडक आहे, पण आमच्याकडे ते दोन किलोमीटर म्हणजे एक दरी उतरायची आणि दुसरी टेकडी चढायची.

तरीही पहाटे आम्ही मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, उरकत होतो तेव्हाच बाहेर बायाबापड्यांची रांग लागलेली. लोकसभेला नंदुरबारमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, दक्षिण मुंबईत 50 च्या आसपास. त्यामुळे दूर राहणारे लोक मत देत नाहीत हे मी तरी मानत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. मत दिलेल्याच्या नावावर आम्ही यादीत खूण करतो. संध्याकाळी यादी चाळली तर खूण नसलेली नावं इकडंतिकडं विखुरलेली नव्हती, घरंच्या घरं कोरी होती. विचारलं तर कळलं, गुजरातला कामाला गेलेत. तुमच्या आई-दादांचं जे, तेच त्यांचं. माणूस त्या दिवशी गावात आहे की नाही, सगळं तिथं येऊन अडतं.

गिरगावकर

मुंबईची दोन टोकं एकाच इमारतीत पाहिली, ती सांगतो. माझी आई 88 वर्षांची, गुडघ्यांनी जवळजवळ अंथरुणाला खिळलेली. 85 च्या पुढच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी 12-ड अर्ज भरायचा, तोही अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. बीएलओ, म्हणजे आमच्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, घरी येऊन अर्ज घेऊन गेले. मग ठरल्या दिवशी पथक आलं, व्हिडिओ काढणारा माणूस सोबत. पलंगाशेजारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आम्हाला खोलीबाहेर काढलं. आईनं मतपत्रिकेवर खूण केली, घडी घालून पाकिटात घातली. ती दिवसभर खुशीत होती. सरकार आपल्या दारात आलं असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

तिला सांभाळणाऱ्या मावशी पुनर्विकासामुळे चाळ सोडून नालासोपाऱ्याला गेल्यात. नाव जुन्याच पत्त्यावर. 20 मे रोजी इथलं मतदान, उन्हाचा कहर. त्या लोकल पकडून आल्या, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मत दिलं खरं, पण दुपारच्या पुढच्या दोन घरची कामं गेली.

साखरपट्टा

मी कोल्हापूरकडचा ऊस उत्पादक. पुष्कळ जण म्हणतात की कारखान्यावरच टोळ्यांसाठी केंद्र द्या किंवा टपाली मत द्या. मला भीती वेगळी वाटते. टपाली मतपत्रिका मजुरांच्या खोपीवर आली तर ती मुकादमाच्या हातात पडणार. उचलीनं बांधलेला माणूस त्याच्यासमोर कागदावर खूण करेल, की मनातल्या उमेदवाराला मत देईल? उघड्यावर गुप्त मतदान होत नाही. त्यापेक्षा हंगाम आठ दिवस उशिरा सुरू करा. थोडं नुकसान आम्हालाही सोसावं लागेल, पण ते परवडेल.

बीएलओ_ताई

मी अंगणवाडी सेविका, माझ्या भागाची बीएलओही आहे. बालाघाट, कामाचं तेवढं सांगते.

हंगामाला गेलेल्यांची नावं "कायम स्थलांतरित" म्हणून उडवतात, ते चूक आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट म्हटलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं गावचं वास्तव्य संपत नाही. दाराला कुलूप दिसलं की मी शेजारणीला विचारते, "तोडीला गेलेत की गाव सोडलंय?" कुणी नमुना 7 भरून नाव काढायला सांगितलं तर चौकशी व्हायलाच हवी. मतदार यादी तपासून दुरुस्त करायच्या (पुनरीक्षणाच्या) काळात टोळ्या बाहेरच असतात, म्हणून गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते.

गिरगावकरदादा, मावशींना नमुना 8 भरायला सांगा. पत्ता बदलेल, नाव नालासोपाऱ्याला जाईल. आणि रस्त्यावर राहणाऱ्याकडे पत्त्याचा कागद नसला तरी त्याचं नाव लागतं. तो सांगतो तिथंच झोपतो ना, हे बीएलओनं रात्री जाऊन पाहायचं असतं. हे फार जणांना ठाऊक नसतं. पारधी वस्तीतल्या बायांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायलाच लागते, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135-ब. रोजंदारीवाल्यालाही. टनावर काम करणाऱ्याला मालक कोण हे दाखवता येत नाही, तिथं मात्र गाडी अडते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. मास्तर, कोऱ्या घरांचं वाचून गलबलून आलं.

साखरपट्टा काका, टपाली मताबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं, आमचा मुकादम नक्की तसंच करेल. पण केंद्राचं तसं नाही. काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत केंद्रं उघडतातच की. 2023 च्या जानेवारीत निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदानाचं, म्हणजे दुसरीकडे राहून आपल्या गावचं मत देण्याचं, यंत्र राजकीय पक्षांपुढे मांडलं होतं, एका यंत्रावर 72 मतदारसंघ चालतील असं. पक्षांनी हरकती घेतल्या आणि ते तिथंच राहिलं. इथं तर राज्य एकच, तारीखही एकच. एका कारखान्यावर बीडच्या कुठल्या तालुक्यातले किती कोयते आहेत हे कारखान्याच्या वहीत नावासकट असतं. कारखान्याच्या आवारात यंत्र, आडोसा, केंद्राध्यक्ष आणि पोलीस असले तर मुकादम बाहेर उभा राहील. हंगाम पुढे ढकलला तर आमचे आठ दिवस बिनमजुरीचे जातात, उचलीचं व्याज काही थांबत नाही. म्हणून मला केंद्र हवंय, हंगाम लांबवणं नको.

बीएलओ ताई, एकच विचारते. दादांनी 20 नोव्हेंबरला मत दिलं नाही, म्हणून त्यांचं नाव कमी होऊ शकतं का? ते सारखे तीच काळजी करतात.

बीएलओ_ताई

नाही, मत दिलं नाही म्हणून नाव कधीच कमी होत नाही. दादांना निर्धास्त राहायला सांग. तरी पट्टा पडून ते गावी आले की यादीत नाव एकदा बघून घे, 1950 या फोन नंबरवर विचारता येतं. आणि पुढच्या वेळी तशी जीप आली तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार टाक, मोबाईलवर फोटो काढून तिथल्या तिथे पाठवायचा. तुझं नाव लपवूनही तक्रार देता येते.